पत्र्याचा जॉब कमी खर्चात अन् विनाकटकटीचा बनवायचा असेल तर ड्रॉईंग कसं काढायचं

राजेहो, आपल्या भागात पत्र्याचं काम किती आहे ते जरा नजर फिरवून पाहा. कूलरच्या बॉड्या, वावरातल्या मोटरच्या स्टार्टर पेट्या, शेळ्यांच्या गव्हाणी, धान्याच्या कोठ्या, थ्रेशरचे गार्ड, अन् अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेली पीकेव्ही मिनी दालमिल ज्या गावात चालते तिथं तिचे हॉपर अन् पट्ट्यावरची झाकणं, सगळं पत्राच. आता तालुक्याच्या ठिकाणीही बेंडिंग मशीन आल्या, लेझर कटिंग नागपूरला हिंगणा-बुटीबोरीत नाहीतर अकोला, अमरावतीच्या एमआयडीसीत करून मिळतं. त्यामुळे आयटीआय झालेली, डिप्लोमा झालेली पोरं मोबाईलवर, लॅपटॉपवर ड्रॉईंग काढून स्वतःचा माल बनवून राहिली ही लय चांगली गोष्ट आहे.

पण होते काय की ड्रॉईंग घरी बसून काढतात, सगळं फायनल करतात, अन् मग दुकानात जाऊन किलोमागं दोन रुपये कमी कर म्हणून घासाघीस करतात. खरा पैसा तिथं नाहीच आहे. किती बेंड (वळणं), किती वेळा डाय (मशीनचा खालचा साचा) बदलायची, किती वेल्डिंग, किती पत्रा भंगारात जाणार हे सगळं तुम्ही रेघ ओढली तेव्हाच ठरून गेलं. म्हणून माझं सांगणं एकच, आधी ज्याच्याकडून जॉब, म्हणजे ती पत्र्याची वस्तू, करून घ्यायचा त्याच्याकडे काय आहे ते पाहा अन् मग कागद उघडा. खाली मी क्रमानं सांगतो, अन् दोन जॉब धरून सांगतो म्हणजे हवेत राहणार नाही, एक शेळ्यांची गव्हाण अन् एक स्टार्टरची पेटी.

१. आधी दुकानात जा, टेप घेऊन

बेंडिंगवाल्याला विचारायच्या गोष्टी अशा. मशीन किती लांबीची आहे, चार फुटी की आठ फुटी. किती टनाची आहे. खालच्या डायला व्ही, म्हणजे पत्रा ज्यात दाबल्या जाते त्या इंग्रजी V सारख्या खाचा, किती किती रुंदीचे आहेत, म्हणजे १०, १२, १६, २५ मिमी यातले कोणते. वरचा पंच, म्हणजे पत्रा व्हीत दाबणारं पातं, अखंड आहे की तुकड्यातुकड्यांचा आहे, हे शेवटचं कोणी विचारत नाही पण पेटी, ट्रे असं चारी बाजूनं वळणारं काही करायचं असेल तर सगळं त्याच्यावर अडतं. मग पत्रा कोणता त्याच्याकडे कायम पडलेला असतो, कोणत्या जाडीत. दुकानदार रोज जो पत्रा वापरतो तोच तुम्ही धरला तर तुमच्या चार जॉबसाठी त्याला अख्खी वेगळी चादर (न कापलेला पूर्ण पत्रा) आणावी लागत नाही.

टनाचा हिशोब डोक्यात असू द्या. २ मिमी एमएस (साध्या लोखंडाचा) पत्रा, १६ च्या व्हीवर वाकवला तर एक मीटरला साधारण १६-१७ टन लागतात, ३ मिमी २४ च्या व्हीवर धरला तर २५ च्या आसपास. स्टेनलेस असेल तर त्याच्या दीडपट धरून चाला. म्हणजे तालुक्याच्या छोट्या मशीनवर ३ मिमीचा आठ फुटी बेंड होणार नाही, तो जॉब शहरात जाणार, जायचं-यायचं भाडं त्याच्यावर चढणार. तेच जर दोन चार-फुटी तुकड्यात तोडून मध्ये बोल्टनं जोडता आलं तर गावाजवळच काम होते.

२. पत्रा अन् जाडी

जाडी गेजमध्ये लिहू नका, मिमीमध्येच लिहा. १६ गेज म्हणजे १.६, १८ गेज म्हणजे १.२, १४ गेज म्हणजे २ इथपर्यंत सगळ्यांचं जमते, पण २० गेज म्हटलं की कोणी ०.९ देते कोणी १ देते. अन् पत्रा आला की व्हर्नियर लावून मोजा, तेही कडेला नाही तर थोडं आत, कारण कातरीनं (पत्रा कापायच्या मशीननं) कापलेल्या कडेला भुरा, म्हणजे वर आलेली खरखरीत धार, असतो अन् माप जास्त दाखवते.

आता जाड पत्रा म्हणजे मजबूत ही गोष्ट खरी आहे, पण महाग मजबुती आहे. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो, १.२ चा १.६ केला तर ताठपणा जवळपास २.४ पट होते अन् वजन दीडपटीच्या आत राहते, हे वाचून वाटेल की जाडच बरा. पण त्याच १.२ च्या पत्र्याची कड १५ मिमी वाकवून लिप काढली तर ती कड १.६ च्या सपाट पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त ताठ होते, अन् खर्च फक्त एका बेंडचा. म्हणून नियम असा ठेवा, आधी बेंड देऊन पाहा, घडी देऊन पाहा, मोठ्या सपाट भागाला कूलरवाले मारतात तसा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हलका क्रॉस मारून पाहा, अन् तरीही डुगडुगत असेल तरच जाडी वाढवा.

वजन काढायचं सूत्र सगळ्यांना पाठ पाहिजे. लांबी मीटरमध्ये गुणिले रुंदी मीटरमध्ये गुणिले जाडी मिमीमध्ये गुणिले ७.८५, उत्तर किलोत. आठ बाय चार फुटाची म्हणजे २४४० बाय १२२० ची १.२ ची चादर २८ किलो भरते, १.६ ची साधारण ३७, २ मिमीची ४७ च्या जवळ. कोटेशन आलं की आधी हे वजन काढा, मग कळते पत्र्याचे किती अन् कामाचे किती.

कोणता पत्रा घ्यायचा हा प्रश्न उन्हापावसात राहणाऱ्या वस्तूला महत्त्वाचा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) घेतला तर रंगाचा खर्च वाचते, पण जीआयला वेल्डिंग केलं की तिथला जस्त जळून जाते अन् नेमका जोडावरच गंज धरते, वरून तो पांढरा धूर वेल्डरच्या छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येते. जीआय वापरायचा असेल तर जोड रिपिटाचे (रिव्हेटचे) नाहीतर बोल्टचे ठेवा, ड्रॉईंग त्याच हिशोबानं काढा. वेल्डिंग लागणारच असेल तर सीआर (थंड लाटलेला, जस्त नसलेला) पत्रा घेऊन नंतर पावडर कोटिंग करा. जीआय घेऊन सगळीकडे वेल्डिंग मारायचं अन् वरून चंदेरी रंग फासायचा, हा प्रकार मी बऱ्याच ठिकाणी पाहतो, त्यात दोन्हीकडून नुकसान आहे.

३. चादरीत किती बसतात ते आधी मोजा

इथं गव्हाणीचं उदाहरण घेऊ. चार फूट लांब गव्हाण धरली, म्हणजे १२२०, चादरीची जी रुंदी आहे तीच. हे मुद्दामच, कारण लांबीकडून एक इंचही कापावं लागत नाही अन् चार फुटी मशीनवरही बेंड होते. आता तिचा आडवा आकार, म्हणजे तळ, दोन तिरप्या बाजू अन् वरच्या दोन कडांच्या घड्या, हे सगळं उलगडून सपाट केलं तर समजा ४१० मिमी आलं. २४४० भागिले ४१०, पाच बसतात अन् ३९० मिमीची पट्टी उरते, सहावी गव्हाण २० मिमीनं हुकली. दोन्ही बाजू पाच-पाच मिमीनं कमी करा, सपाट माप ४०० होते, सहा बसतात. शेळीला त्या पाच मिमीनं काही फरक पडत नाही. तीस गव्हाणींची ऑर्डर असेल तर सहा चादरींच्या जागी पाचमध्ये काम झालं, २८ किलो पत्रा वाचला, अन् त्यासाठी कोणाशी भाव करायची गरज पडली नाही.

कातरीवर कापायचं असेल तर दोन तुकड्यात जागा सोडावी लागत नाही, लेझरवर मात्र जॉबा-जॉबात चार-पाच मिमी अन् चादरीच्या कडेलाही थोडी जागा लागते, तेवढी धरूनच भागाकार करा. अन् चादर २४४० बाय १२२० येणार की २५०० बाय १२५० येणार हे विचारून घ्या, दोन्ही बाजारात आहेत.

ज्या भागाच्या चारी कडा सरळ आहेत अन् होल दोन-चारच आहेत तो लेझरला पाठवायची गरजच नाही. गव्हाण हा पूर्ण कातरीचा जॉब आहे. लेझरवाला कटिंगच्या लांबीवर अन् किती वेळा पत्र्याला भोक पाडून सुरुवात करावी लागते त्याच्यावर पैसे लावते. म्हणून पेटीच्या दारावर देवाचं नाव, दुकानाचं नाव कोरून घ्यायची हौस असेल तर आधी त्या अक्षरांची कटिंग लांबी काढून पाहा, कधीकधी अख्ख्या दाराच्या कडेपेक्षा ती जास्त भरते. पेंटरकडून रंगवून घ्या, दिसतेही चांगलं अन् त्या फटीतून पाणी जात नाही.

४. बेंड, इथं थोडं सावकाश वाचा

सगळ्यात जास्त जॉब इथंच बिघडतात म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, व्हीची रुंदी पत्र्याच्या साधारण आठपट असते. १.२ ला १०, १.६ ला १२, २ ला १६, ३ ला २४-२५. एमएस पत्रा हवेत, म्हणजे व्हीच्या तळाला न टेकवता, वाकवला की आतली गोलाई व्हीच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास येते, म्हणजे १६ च्या व्हीवर २.६ च्या जवळ. ती गोलाई डायवर ठरते, ड्रॉईंगवर ०.५ लिहिली म्हणून येत नाही. त्यामुळे एका जॉबात सगळ्या बेंडला एकच गोलाई ठेवा अन् तीच जी त्याच्या डायवर येते, नाहीतर मध्येच डाय बदलायची अन् त्या बदलायच्या वेळेचे पैसे तुमच्याच बिलात.

दुसरी, कमीतकमी पट्टी, म्हणजे वळणाऱ्या कडेची रुंदी. पत्रा व्हीच्या दोन्ही खांद्यांवर टेकला पाहिजे, पट्टी फार लहान ठेवली तर ती आत घसरते अन् बेंड वाकडा येते. व्हीच्या सात दशांश एवढी तरी पट्टी लागते, मी थोडी जास्तच धरा म्हणतो, १.२ ला ८, १.६ ला १०, २ ला १२, ३ ला १८. ड्रॉईंगवर २ मिमी पत्र्याला ६ मिमीची कड दाखवली तर बेंडिंगवाला आधी १५ ची वाकवेल अन् मग ग्राइंडरनं ९ मिमी कापून टाकेल, दोन कामं झाली.

तिसरी, वाकवल्यावर माप वाढते. म्हणजे बाहेरून ५० अन् ५० असा कोन पाहिजे असेल तर सपाट पट्टी १०० कापायची नाही. किती कमी करायची हे पत्र्यावर अन् डायवर ठरते, साधारण १.२ ला २.३, १.६ ला ३, २ ला ३.९ मिमी दर बेंडला. पण इंटरनेटवरच्या तक्त्यावर विसंबू नका, माझ्यावरही नका. त्याच पत्र्याची १०० मिमी लांब पट्टी बरोबर कापून घ्या, त्याच मशीनवर, त्याच व्हीवर मधोमध ९० ला वाकवा, दोन्ही पाय बाहेरून व्हर्नियरनं मोजा, बेरीज करा. १०३ आली तर तुमची वजावट ३. एका चहाच्या वेळात होणारं काम आहे हे. हा आकडा त्या दुकानाच्या नावानं, पत्र्याच्या जाडीसोबत अन् व्हीसोबत वहीत लिहून ठेवा, पुढचे सगळे जॉब याच आकड्यावर निघतात. चार बेंडच्या जॉबात हा आकडा अर्धा मिमीनं चुकला तर शेवटी दोन मिमीचा फरक पडते अन् दार बसत नाही.

चौथी गोष्ट क्रमाची. स्वतः कागदाची पट्टी घेऊन वाकवून पाहा, शेवटचा बेंड मारताना आधी वळलेली बाजू पंचाला किंवा मशीनला अडते का. यू आकाराचं काही असेल तर तळाची रुंदी बाजूंच्या उंचीपेक्षा जास्त ठेवा, मग सहसा अडत नाही. खोल अन् अरुंद यू पाहिजेच असेल तर हंसमान (हंसाच्या मानेसारखा वाकडा) पंच लागते, तो दुकानात असेल तर ठीक, नाहीतर दोन एल करून मध्ये रिपिट मारा.

आता आपली स्टार्टर पेटी. ३०० रुंद, ४०० उंच, १५० खोल. बहुतेक जण हिला एकाच पत्र्यातून चारी बाजू वर वळवलेला ट्रे म्हणून काढतात कारण स्क्रीनवर तो लय साफ दिसते. पण त्याला शेवटच्या दोन बाजू वळवताना पेटीच्या आत मावेल एवढाच पंचाचा तुकडा लागते अन् पंच १५० पेक्षा उंचही लागते. गावाकडच्या अखंड पंचाच्या मशीनवर ते होणारच नाही. त्यापेक्षा पाठ अन् दोन बाजू मिळून एक यू करा, समोर दोन्हीकडे १५ मिमीची आत वळलेली लिप. म्हणजे चार बेंड, चारही एकमेकांना समांतर, एकाच डायवर, आधी दोन्ही लिप अन् मग दोन्ही बाजू. वरचं अन् खालचं झाकण वेगळं, त्यांना फक्त डावी-उजवी पट्टी वळवलेली, तीही समांतर. मागच्या कडेला पट्टी वळवायची नाही, त्याऐवजी पाठीचाच पत्रा वर अन् खाली २५-२५ मिमी लांब ठेवा, भिंतीला ठोकायची होलं त्याच्यात येतात. वरचं झाकण समोरून ३० मिमी पुढं काढा, छज्जासारखं, म्हणजे पावसाचं पाणी दाराच्या फटीवर येत नाही. कोणत्याही चार फुटी मशीनवर होणारी पेटी झाली ही.

शिवाय एक, पत्र्याला रोलिंगची दिशा असते, चादरीवर नीट पाहिलं तर बारीक रेघा दिसतात. त्या रेघांना आडवा बेंड चांगला येते, रेघांच्या दिशेनंच बेंड मारला अन् पत्रा जाड एचआर (गरम लाटलेला) असेल तर बाहेरच्या बाजूनं बारीक चिरा पडतात. १.२ च्या सीआरला एवढं काही होत नाही, पण ३ मिमीच्या वरच्या ब्रॅकेटला, ज्याच्यावर वजन येते, ड्रॉईंगवर दिशेचा बाण काढूनच द्या.

५. होल

बेंडच्या फार जवळ होल ठेवलं तर वाकवताना ते ओढल्या जाते अन् अंड्यासारखं लांबट होते, मग बोल्ट जात नाही अन् कानशीनं घासत बसावं लागते. बेंडच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून होलाच्या काठापर्यंत १.२ ला निदान ७, २ ला निदान १० मिमी सोडा. जवळच पाहिजे असेल तर बेंड झाल्यावर ड्रिल मारा असं लिहून द्या. पत्र्याच्या कडेपासूनही जाडीच्या दुप्पट तरी आत ठेवा, अन् होलाचा व्यास जाडीपेक्षा कमी नको, लेझर पाडून देते पण पंचवाला नाही म्हणेल.

मापं कमी ठेवा. एका पेटीत ५.५, ६, ६.५, ७ अशी चार मापाची होलं काढण्यात अर्थ नाही, सगळीकडे एम-६ (६ मिमी जाडीचा) बोल्ट वापरा अन् सगळीकडे ७ चं होल. दोन वेगळे वळलेले भाग जिथं एकमेकांवर बसतात तिथं एका भागाला गोल होल अन् दुसऱ्याला ७ बाय १२ चा स्लॉट ठेवा. बेंडमध्ये अर्धा मिमी इकडंतिकडं होतेच, स्लॉट तो फरक खाऊन टाकते. सगळीकडे बरोबर माप मागण्यापेक्षा हे स्वस्त पडते. ड्रॉईंगवर प्रत्येक मापाला फक्त पॉइंट एक-दोन मिमीची सवलत (तेवढाच फरक चालेल असं) लिहिली की बेंडिंगवाला घाबरून जास्त पैसे सांगते, अन् त्याची चूकही नाही.

पातळ पत्र्यात टॅप मारायचा (आटे पाडायचे) नाही. एम-६ ची चाल (दोन आट्यांतलं अंतर) १ मिमीची असते, १.२ च्या पत्र्यात जेमतेम एक आटा बसते, दोनदा खोललं की गेला. तिथं रिव्हेट नट (रिपिटासारखा पत्र्यात आवळून बसणारा नट) टाका किंवा वेल्ड नट लावा.

स्टार्टर पेटीत हवेसाठी जाळी पाहिजे, कारण मे महिन्यात ४५ च्या पुढं पारा जाते अन् पेटी उन्हात असते. बारीक बारीक गोल होलांची जाळी काढली तर लेझरवाल्याला प्रत्येक होलाला वेगळं टोचावं लागते, पैसे वाढतात. त्यापेक्षा ३ मिमी रुंद अन् ४० मिमी लांब असे थोडेच स्लॉट ठेवा, वरच्या झाकणाखाली सावलीत दोन्ही बाजूंना अन् तळाला, म्हणजे खालून थंड हवा घेते अन् वरून गरम सोडते. रुंदी ३ च्या वर नेऊ नका. पाल आत शिरली अन् कॉन्टॅक्टवर चिकटली की मोटर बंद पडते, रात्री ओलिताची पाळी असते तेव्हा हे काय दुखणं असते ते वावरवाल्याला सांगायला नको. केबलची होलं तळालाच ठेवा, वर नाही, म्हणजे केबलवरून ओघळलेलं पाणी आत येत नाही, अन् होलात रबरी ग्रोमेट (होलाच्या कडेला बसणारी रिंग) टाकायला सांगा.

६. कोपरे

जिथं वळणारा भाग न वळणाऱ्या भागाला लागून आहे तिथं छोटी खाच द्यावी लागते, नाहीतर पत्रा त्या टोकाला फाटते किंवा फुगून येते. रुंदी पत्र्याच्या जाडीएवढी तरी, खोली बेंडच्या गोलाईच्या आत जाईल एवढी, म्हणजे १.२ ला ३ अन् २ ला ५ मिमी धरा. दोन पट्ट्या कोपऱ्यात भेटत असतील तर दोघींमध्ये अर्धा-एक मिमी फट ठेवा, एकदम चिकटून काढल्या तर पावडर कोटिंगनंतर तर नक्कीच अडतात. बाहेरचे टोकदार कोपरे ३-५ मिमी गोल करा, हात कापत नाही.

७. जोड

वेल्डिंग जितकं कमी तितकं बरं. १.२ च्या पत्र्यावर गावाकडच्या आर्क मशीननं जाड रॉड लावला की भोक पडते, सीओटू मशीन (रॉडऐवजी तारेनं वेल्डिंग करणारी) अन् ०.८ मिमीची तार असलेला वेल्डर पाहा. अखंड वेल्डिंग मागू नका. २५ मिमीचा टाका, मग ७५-१०० मिमी मोकळं, परत टाका, असं केलं तर पत्रा तापून वाकत नाही अन् ग्राइंडिंगही कमी. पाणी धरून ठेवायचं नसेल तर अखंड जोड लागतच नाही.

लेझरला जाणाऱ्या जॉबात जीभ अन् खाच काढायची सोय असते, एका भागाला १०-१५ मिमीची जीभ, दुसऱ्याला तिच्यापेक्षा ०.२-०.३ नं मोठी खाच. भाग एकमेकांत आपोआप बरोबर जागेवर बसतात, वेल्डरला गुण्या लावून, क्लॅम्प लावून टेकवत बसावं लागत नाही. याचे जास्तीचे कटिंगचे पैसे अगदी थोडे, अन् वेल्डरचा वेळ खूप वाचते.

जीआयच्या पेटीला, गव्हाणीला मी रिपिटच सांगेन. गव्हाणीच्या दोन टोकांची झाकणं १५ मिमी पट्टी वळवून रिपिट मारा, पट्टी बाहेरच्या बाजूला, म्हणजे आत कोपऱ्यात चारा अडकून सडत नाही.

८. कडा

शेळ्यांच्या गव्हाणीची वरची कड उघडी ठेवली तर त्यांची तोंडं, माना कापल्या जातात, जखमेवर माशा बसतात, पुढं सगळाच ताप. कडेला पूर्ण घडी मारा, १०-१२ मिमीची, बाहेरच्या बाजूला. बेंडिंग मशीनवर आधी जेवढा जमेल तेवढा टोकदार कोन वळवतात अन् मग दाबून चपटा करतात. दाबायची डाय नसेल तर लाकडी हातोडीनं होते, १.२ पर्यंत. जुने पत्र्याचं काम करणारे कडेत तार घालून घडी मारत, बादलीला, कोठीच्या झाकणाला अजूनही दिसते, ती कड पिढ्यान्‌पिढ्या टिकते अन् आजही त्याच्याइतकी मजबूत कड दुसरी नाही. असा कारागीर तुमच्या गावात असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या.

पावडर कोटिंग करायचं असेल तर टांगायला होल ठेवा, जे नंतर झाकल्या जाईल अशा जागी. भट्टी किती मोठी आहे ते विचारा. जाड एमएस ऑक्सिजननं कापला असेल तर कडेवर काळपट पापुद्रा असते, त्याच्यावर कोटिंग धरत नाही, तो घासून काढायला सांगा.

९. फाईल अन् पहिला नग

लेझरवाल्याला डीएक्सएफ (सपाट आकाराची कॉम्प्युटरवरची ड्रॉईंग फाईल) द्या, मिमीमध्ये, एकास एक मापात, एकावर एक दोन रेघा आलेल्या नकोत, नाहीतर मशीन तीच जागा दोनदा कापते. बेंडवाल्याला वेगळा कागद, त्याच्यावर बाहेरची मापं, बेंड वर की खाली, क्रम अन् जाडी. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला तरी चालते पण सगळी मापं एकाच कडेपासून धरलेली पाहिजे.

खेड्यातल्यांसाठी कामाची गोष्ट, शहरातून सपाट तुकडेच आणा अन् बेंड जवळच्या दुकानात मारा. सपाट पेट्यांचा गठ्ठा कोणत्याही गाडीत मावते, वळलेल्या पेट्यांना अख्खी पिकअप लागते. त्यासाठी ड्रॉईंगमध्येच बेंडच्या रेघेच्या दोन्ही टोकांना कडेवर एक-दीड मिमीची बारीक खाच काढून ठेवा. बेंडवाला त्या दोन खाचा पंचाच्या टोकाखाली धरते अन् मारते, त्याला मोजपट्टी लावायची गरज नाही, साध्या मशीनवरही सगळे नग एकसारखे येतात.

अन् कितीही घाई असली तरी आधी एकच नग पूर्ण करा. पेटी असेल तर तिच्यात खरा स्टार्टर बसवा, केबल आत घेऊन पाहा, वाकायला जागा पुरते का. भिंतीला टांगून दार पूर्ण उघडते का पाहा, बिजागरी दाराच्या बाहेर किती येते ते बऱ्याचदा कागदावर कळत नाही. कुलूप घालून पाहा, कडीत आपल्याकडच्या साध्या कुलपाचा दांडा जाते का. ओल्या हातानं, अंधारात, टॉर्च तोंडात धरून बटण दाबता येते का तेही पाहा, कारण ती पेटी रोज तशीच वापरल्या जाणार आहे. जे बदल निघतील ते ड्रॉईंगवर करून, जुनी फाईल उडवून, मगच बाकीचा लॉट कापायला द्या.